कोरा घोडा

कोऱ्या चेकवर सही करून देणाऱ्या माणसाला आम्ही बँकवाले मूर्ख म्हणतो. कोऱ्या घोड्यावर छातीठोक मत देणाऱ्या माणसाला मात्र वर्तमानपत्रवाले तज्ज्ञ म्हणतात आणि वर त्याचा फोटोही छापतात. या दुजाभावाविरुद्ध कोणीतरी आवाज उठवायला हवा होता. इतकी वर्षं कोणी उठवला नाही, तेव्हा नाइलाजाने मी उठवतो आहे.

तुम्ही विचाराल, दिवसभर व्हाउचरांवर शिक्के मारणाऱ्या माणसाचा घोड्यांशी संबंध काय? संबंध आमच्या हेडकॅशियरांमुळे आला. सगळी शाखा त्यांना अण्णा म्हणते. अण्णांची निम्मी हयात महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या कठड्याला टेकून गेली. कोणत्या घोड्याच्या आजीने कोणत्या साली काय केलं हे त्यांना तोंडपाठ आहे. स्वतःच्या नातवाची इयत्ता मात्र विचारावी लागते. त्यांचा भाचा इंग्लंडात ब्रिस्टलला असतो. मामाला काय पाठवावं हे त्याला बरोब्बर कळतं. इतरांचे भाचे चॉकलेटं पाठवतात, हा रेसची पानं पाठवतो. ती पानं मार्च महिन्यात येतात. म्हणजे ऐन क्लोजिंगमध्ये! सगळी बँक ताळेबंद जुळवत असते आणि अण्णा कॅश केबिनमध्ये चेल्टनहॅमचे घोडे जुळवत असतात. वाचलेलं दुसऱ्याला ऐकवल्याशिवाय अण्णांना पचत नाही आणि माझं टेबल केबिनच्या शेजारी आहे.

चेल्टनहॅम हे ग्लॉस्टरशायरमधलं गाव. मार्चच्या मध्याला तिथे चार दिवस उड्यांच्या शर्यतींची जत्रा भरते. जाड कुंपणं, आडव्या चौकटी, ओलं गवत आणि शेवटी दम काढणारा चढ. या सगळ्या धुमश्चक्रीत एक शर्यत अशी आहे की जिच्यात एकही उडी नाही. तिचं नाव चॅम्पियन बम्पर. ती बुधवारी, दिवसाच्या अगदी शेवटी असते. दोन मैल आणि वर थोडं, नुसतं पळायचं. चार दिवसांच्या संगीत महोत्सवात एखाद्याने येऊन फक्त तंबोरा लावून दाखवावा, तसा हा प्रकार. पण याला कारण आहे. उड्यांचे घोडे उशिरा भरतात. उडी शिकवण्याआधी त्यांना गर्दी, धक्काबुक्की आणि दुसऱ्याच्या टापांचा चिखल तोंडावर घेणं ठाऊक व्हावं, म्हणून या सपाट शर्यती काढल्या. चार ते सहा वर्षांचे घोडे यात उतरतात. पूर्वी यांत हौशी स्वार खोगिरावर आदळत-आपटत पळवायचे, त्यावरून 'बम्पर' हे नाव पडलं असं सांगतात. चेल्टनहॅमची ही मोठी बम्पर १९९२ साली सुरू झाली. पहिल्याच साली जिंकलेल्या मॉन्टेलाडोने एक गंमत केली. तेव्हा ही त्या जत्रेतली शेवटची शर्यत होती. पुढच्या वर्षीची पहिली शर्यतही त्यानेच जिंकली. म्हणजे लागोपाठ दोन शर्यती, मध्ये फक्त एक वर्ष!

शर्यतीबद्दल माझी काही तक्रार नाही. वीसेक पोरसवदा घोडे चिखल उडवत चढावर येतात, हे दृश्य मोबाईलच्या काचेवरसुद्धा छान दिसतं. माझी तक्रार आधीच्या महिनाभराबद्दल आहे. या घोड्यांपैकी बहुतेकांच्या नावावर एक, दोन, फार तर तीन शर्यती असतात. कुणी आयर्लंडमधल्या शेतातल्या शर्यतीत एकदा जिंकलेला असतो. कुणी थर्ल्सच्या चिखलात आपल्यासारख्याच सहा नवशिक्यांना हरवून आलेला असतो. साधारण चार मिनिटांचं एकूण आयुष्यभराचं रेकॉर्ड. आणि या चार मिनिटांवर चार-चार कॉलम!

आता यात तज्ज्ञ काय लिहितात ते ऐका. त्यांचा लाडका शेरा असा : 'हा घोडा काहीही निघू शकतो.'

काहीही निघू शकतो! अहो, हे मत झालं की चिठ्ठी काढणं? आमच्याकडे स्कूटरसाठी कर्ज मागायला माणूस येतो. त्याची तीन महिन्यांची पगाराची स्लिप, जागेचा पुरावा आणि एक जामीनदार असा तामझाम लागतो. व्यापारी असला तर तीन वर्षांचे ताळेबंद. त्या प्रकरणावर मी 'अर्जदार काहीही निघू शकतो' असा शेरा मारून साहेबांच्या टेबलावर ठेवला तर साहेब मला कोणत्या खात्यात पाठवतील ते सांगायला नको. आणि शेरा खोटा नसतो हो! अर्जदार खरंच काहीही निघू शकतो. म्हणूनच तर जामीनदार मागतात.

पण खरी चलाखी पुढेच आहे. इंग्रज पत्रकार अशा घोड्याला 'अनएक्स्पोज्ड' म्हणतात, म्हणजे अजून उघडा न पडलेला. मी त्याला कोरा म्हणतो. मुळात हा शब्द अडाणीपणाची कबुली आहे. आम्हाला या प्राण्याबद्दल फारसं ठाऊक नाही, एवढाच त्याचा अर्थ. तज्ज्ञांनी काय केलं? आपलं अज्ञान उचललं आणि घोड्याच्या जमेच्या बाजूला टाकलं! मी कॉमर्सचा पदवीधर. जमेच्या बाजूला काय काय टाकतात हे मी पाहिलं आहे. न वसूल होणारी बाकी टाकतात, गुडविल टाकतात, एका व्यापाऱ्याने तर सासऱ्यांकडून यायचे पैसे टाकले होते. पण 'आम्हाला काहीच ठाऊक नाही' ही रक्कम जमेला धरणारा हिशेबनीस अजून माझ्या पाहण्यात नाही. याउलट एखादा घोडा इमानाने पाच वेळा पळाला, तीनदा दुसरा आला, एकदा तिसरा, की तो 'उघडा पडलेला'. त्याची कुवत कळली. म्हणजे त्याने मेहनत करून जेवढी माहिती पुरवली तेवढा त्याचा भाव घसरला!

अण्णांना हे पटत नाही. "अरे, डोळा लागतो डोळा," ते म्हणतात. "एका धावेत घोडा कळतो."

"कसा कळतो, अण्णा?"

"चाल बघून."

लग्नाच्या बाजारातही पूर्वी असंच म्हणायचे. मुलगी पोह्यांची बशी घेऊन दारापासून पाटापर्यंत चालली की आत्याबाईंना तिचा स्वभाव, आरोग्य आणि हाताची चव, सगळं कळायचं. पुढच्या तीस वर्षांत त्या आत्याबाईंच्या अंदाजांचं काय झालं याची नोंद कोणी ठेवली नाही. घोड्यांची नोंद मात्र ठेवलेली असते. तिथेच तज्ज्ञ सापडतात.

२००९ सालचा डनगिब घ्या. बम्पर त्याने दहा लेंग्थनी जिंकली. मधल्या वर्षात आयर्लंडमध्ये अडथळ्यांच्या शर्यतीही जिंकल्या. २०१० साली तो चेल्टनहॅमच्या पहिल्याच शर्यतीत उतरला तेव्हा भाव असा होता की पाच रुपये लावावेत आणि वर नफा चार मिळावा. मुदत ठेवच म्हणा! घोडा तिसरा आला. मेनोरा नावाचा घोडा जिंकला. आता त्याच २०१० ची बम्पर पाहा. क्यू कार्ड नावाचा घोडा, वय चार, आधीची शर्यत अवघी एक, तीही फाँटवेलच्या छोट्या मैदानावर. ट्रेनर कॉलिन टिझर्ड मुळातला दूधदुभत्याचा शेतकरी, आणि स्वार त्याचाच मुलगा. भाव एकास चाळीस. कोरेपणा हाच गुण असेल तर याच्याइतका कोरा कोण होता? पण याच्या कोरेपणाला तज्ज्ञांच्या बाजारात गिऱ्हाईक नव्हतं, कारण मोठ्या तबेल्याचा कोरा घोडा म्हणजे 'रहस्य' आणि शेतकऱ्याचा कोरा घोडा म्हणजे 'भरती'. क्यू कार्ड आठ लेंग्थनी जिंकला. पुढे २०१५ ची किंग जॉर्जसुद्धा त्याने मारली.

इथे अण्णा हुकमाचा एक्का काढतात. "बाकी सोड. विली मलिन्सचा घोडा धरायचा, डोळे मिटून."

आता हे मान्यच करायला हवं. आयर्लंडच्या या विली मलिन्सने १९९६ पासून २०२५ पर्यंत ही शर्यत चौदा वेळा जिंकली. १९९६ साली तर विदर ऑर विच हा घोडा त्याने तयारही केला आणि त्यावर बसून जिंकलाही स्वतःच. मॅनेजर आणि शिपाई एकच! पण अण्णांच्या एक्क्यात एक अडचण आहे. हा गृहस्थ एक घोडा आणत नाही, चार-पाच आणतो. मग त्यांतला कुठला? २०१८ साली त्याच्या पाचांतली रेलिगेट ही घोडी जिंकली, भाव एकास पंचवीस. २०२० साली त्याचाच अप्रीशिएट इट हा फेव्हरिट होता, आणि त्याचाच फर्नी हॉलो जिंकला. २०२१ साली त्याचा किलक्रूट फेव्हरिट. फेब्रुवारीत लेपर्ड्सटाउनला बारा लेंग्थनी जिंकून आलेला, घरात वाढलेला. त्याला अर्ध्या लेंग्थने हरवलं सर गेरहार्डने. हा सर गेरहार्ड पंधरवड्यापूर्वीपर्यंत दुसऱ्याच तबेल्यात होता. मालकांनी घोडे हलवले म्हणून मलिन्सकडे आलेला पाहुणा. ज्याच्या अंगणात हे घोडे रोज पळतात, चारा खातात, त्याच्याच दाव्यातला कुठला पुढे येईल याचा जगाला लागलेला अंदाज हा असा. आणि चेल्टनहॅमपासून शेकडो मैलांवर बसून, एक चित्रफीत दोनदा बघून, तज्ज्ञाला मात्र खात्री!

तबेला संपला की किमतीवर यायचं. एन्व्हॉय ऍलन शेतातली एक शर्यत जिंकल्यावर चार लाख पौंडांना विकला गेला आणि २०१९ ची बम्पर जिंकला. अण्णा हे उदाहरण वर्षातून निदान चारदा देतात. मी त्यांना दोन उदाहरणं परत देतो. दोन्ही अमेरिकेच्या लिलावातली आणि सपाट शर्यतींच्या घोड्यांची, पण कोरेपणाची किंमत समजायला त्याहून चांगली नाहीत. १९८३ साली स्नाफी डान्सर नावाचं शिंगरू एक कोटी दोन लाख डॉलरला गेलं. ते एकाही शर्यतीत उतरलं नाही. मग वंशवृद्धीसाठी ठेवलं, तर तिथेही निसर्गाने सहकार्य केलं नाही. २००६ साली द ग्रीन मंकी हा दोन वर्षांचा घोडा एक कोटी साठ लाख डॉलरला. विक्रीआधी त्याने एक फर्लांग दहा सेकंदांच्या आत पळून दाखवलं होतं. पुढे तीन शर्यती, विजय शून्य, एकूण कमाई दहा हजार चारशे चाळीस डॉलर. त्या सौद्याला व्याज लावून पाहायचं माझ्या मनात होतं, पण कॅल्क्युलेटरवर तेवढी शून्यं मावत नाहीत.

मग राहिली वंशावळ. २०२२ चा विजेता फासील व्हेगा हा क्वेव्हेगाचा मुलगा, आणि ही माउली चेल्टनहॅमला २००९ ते २०१४ ओळीने सहा वेळा एकच शर्यत जिंकलेली. इथे तज्ज्ञ बरोबर आले. अभिनंदन! पण पुढच्याच मार्चमध्ये अडथळे आले तेव्हा मुलगा दुसरा आला. आईचे गुण मुलात उतरतात, पण ते कुठल्या शर्यतीपर्यंत उतरतात हे जन्मदाखल्यावर लिहिलेलं नसतं.

कोणी म्हणेल, तुमच्या म्हणण्याप्रमाणे मग रेस म्हणजे निव्वळ मटकाच. मुळीच नाही! आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच सांगून ठेवलं आहे की घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे. मला ते शंभर टक्के मान्य आहे. घोडा दहा वेळा पळाला, कोणत्या जमिनीवर, किती वजन घेऊन, कोणाशी, हे सगळं समोर असलं की ते वाचायला अक्कल लागते. पण वाचायला आधी काहीतरी लिहिलेलं तर हवं! कोऱ्या वहीचं वाचन करून दाखवणं याला आमच्या गावाकडे कौशल्य म्हणत नाहीत. त्याला वेगळा शब्द आहे, आणि गावचा पोलीसपाटील त्याच्या मागावर असतो.

आणि थोडंफार तर कळतंच, तेही मी नाकारत नाही. घोडा ज्यांना हरवून आला ते पुढे कुठे काही जिंकले का, हे बघावं. त्याच दिवशी त्याच मैदानावरच्या इतर शर्यतींना किती वेळ लागला ते बघावं; सगळेच रेंगाळले असतील तर याचं रेंगाळणं माफ. चिखलात जिंकलेला कडक जमिनीवर तसाच पळेल असं धरू नये. शेवटच्या चढावर घोडा वेग वाढवत होता की बाकीचे थकले म्हणून हा पुढे दिसला, हे पुन्हा पुन्हा बघावं. घोडीला सात पौंड वजनाची सूट मिळते ती विसरू नये. २०१७, २०१८ आणि २०२५ या तिन्ही साली घोडीच जिंकल्या आहेत. एवढं सगळं करून जे हाती लागेल त्यातून मार्जिन कापावं. सोनं शंभर रुपयांचं असलं तरी बँक शंभर देत नाही, आणि सोनं निदान हातात असतं. माझं भांडण अंदाजाशी नाही, मार्जिन न कापण्याशी आहे.

कारण मार्जिन कापलं नाही की ते शेवटी घोड्याच्या अंगावर येतं. २०१७ ची फेयोना आठवते. सुटतानाच घोटाळा झाला. सगळे निघून गेले आणि ही मागेच. सर्वांत शेवटी राहून, चढावर एकेकाला गाठत ती जिंकली. मी ती शर्यत अण्णांच्या मोबाईलवर पाहिली आहे, आणि घोड्यांमधलं फारसं न कळणाऱ्या माझ्यासुद्धा घशात काहीतरी अडकलं. मग अर्थातच पुढच्या वर्षीच्या याद्यांत तिचं नाव गेलं. ऑक्टोबरमध्ये घरच्या मैदानावर, साध्या रोजच्या सरावात तिचा पाय मोडला आणि ती गेली. त्यात कोणाची चूक असेल असं मी म्हणत नाही. घोड्यांचे पाय बारीक असतात. पण तिची पुढची कारकीर्द माणसांनी परस्पर लिहून टाकली होती. तिने जे खरोखर केलं होतं, ती एक संध्याकाळ, ती मात्र 'पुढे काय काय करील' या गलक्यात कोणाला नीट साजरी करता आली नाही.

आता आकडेवारी मांडतो आणि अण्णांनी जमलं तर तिला उत्तर द्यावं. १९९२ पासून २०२५ पर्यंत या बम्परच्या एकाही विजेत्याने चेल्टनहॅमची गोल्ड कप जिंकलेली नाही. चॅम्पियन हर्डलही नाही. एकानेही नाही! उत्तम घोडे निघाले, नाही असं नाही. फ्लोरिडा पर्ल निघाला, क्यू कार्ड निघाला. पण ज्या दोन शर्यतींसाठी ही सगळी भविष्यवाणी चालते, तिथे पाटी कोरी. मग चॅम्पियन हर्डल कोण जिंकलं? २०१७ आणि २०१८, दोन्ही साली बुव्हर देर. हा २०१५ च्या बम्परमध्ये होता. चौथा आला होता. आणि २०२० ला फेव्हरिट असून दुसरा आलेला अप्रीशिएट इट पुढच्याच वर्षी त्याच जत्रेतली पहिली शर्यत चोवीस लेंग्थनी जिंकला.

चौथा येणाऱ्यांबद्दल मला आपुलकी आहे हे मी लपवत नाही. बँकेत मला बावीस वर्षं झाली. माझा फॉर्म संपूर्ण उघडा आहे. किती रजा घेतल्या, किती वेळा कॅश जुळली नाही, किती वेळा रात्री नऊपर्यंत बसून ती जुळवली, सगळं सर्व्हिसबुकात आहे. मध्यंतरी आमच्या शाखेत एक नवा तरुण साहेब आला. वय सव्वीस, अनुभव एक ट्रेनिंग. मुलगा चांगला आहे, त्याच्यावर माझा राग नाही. तोही बिचारा वीसातला एक, मागून ढकललेला. पण वरच्या ऑफिसातून त्याच्याबद्दल जे बोललं गेलं ते ऐकून मी चमकलो. 'ही विल गो फार.' आणि माझ्याबद्दल? 'स्टेडी.' म्हणजे अण्णांच्या भाषेत, पाच वेळा पळाला, तीनदा दुसरा!

परवा अण्णांनी पुन्हा एक कात्रण आणलं. घोडा पाच वर्षांचा, एकच शर्यत, चिखलात सहांना हरवून जिंकलेला. खाली ठळक टाइपात तेच वाक्य. अण्णांचे डोळे चमकत होते.

"अण्णा, त्या सहांपैकी पुढे कोणी काही जिंकलं?"

"ते अजून पुन्हा पळालेच नाहीत."

"म्हणजे कोऱ्याने कोऱ्यांना हरवलं."

"तसं म्हण हवं तर."

"जमीन?"

"ओली. फार ओली."

"वेळ?"

"वेळ दिलेली नाही यात."

मी टेबलावरचा स्टॅम्पपॅड पुढे ओढला. अण्णांनी कात्रण एकदा माझ्याकडून, एकदा खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं. चाळीस वर्षं नोटा मोजलेला माणूस. खोटी नोट बोटाला लागल्याशिवाय राहत नाही. मग त्यांनी स्वतःच शिक्का उचलला, आमच्या कर्जविभागाचा, आणि घोड्याच्या बरोब्बर कपाळावर मारला : 'कागदपत्रे अपूर्ण. प्रकरण परत.'